हृदयदोष असलेल्या बाळांचे एक इंजेक्शन नेमके कोणत्या विभागाचे?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

दर हजारी सुमारे आठ ते नऊ बाळे हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्माला येतात. त्यांच्यावर उपचार करणारी डॉक्टर म्हणून एका विषाणूबद्दल आपणास लिहीत आहे.

आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू घरातल्या मोठ्या भावंडाला चार दिवसांची सर्दी देऊन जातो. परंतु हृदयाच्या पडद्यात मोठे छिद्र असल्यामुळे ज्या बाळाच्या फुप्फुसांत आधीच जादा रक्त लोटत असते, त्याच्या बारीक श्वासनलिका सुजून चिकट स्रावाने भरल्या की प्राणवायू उतरतो आणि फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो. बाळ चार घोट घेऊन थांबते, कपाळावर घाम येतो, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते. आईला वाटते, पोट भरले. ठरलेली शस्त्रक्रियाही मग कित्येक आठवडे पुढे ढकलावी लागते.

१९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या संसर्गाने रुग्णालयात दाखल झालेल्या अशा बाळांपैकी ३७ टक्के दगावली होती. अतिदक्षता उपचार सुधारल्याने आज ते प्रमाण पुष्कळ खाली आले आहे, आणि जुना आकडा दाखवून घाबरवण्याचा माझा हेतू नाही. मात्र पॅलिव्हिझुमॅब या प्रतिपिंडाच्या (विषाणूला रोखणाऱ्या प्रथिनाच्या) मासिक इंजेक्शनांमुळे अशा बाळांना आरएसव्हीसाठी दाखल करण्याचे प्रमाण ४५ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मध्येच दिसले होते. २०२२ मध्ये युरोपात मान्यता मिळालेल्या निर्सेविमॅब या तशाच प्रतिपिंडाचा तर साथीच्या हंगामापूर्वी साधारणपणे एकच डोस पुरतो.

अडचण कागदावरची आहे. लस शरीराला स्वतः प्रतिपिंडे बनवायला लावते; हे इंजेक्शन म्हणजे तयार प्रतिपिंड असल्याने लसीकरण विभाग म्हणतो, ही लस नव्हे; हृदयरोग विभाग म्हणतो, प्रतिबंध आमच्याकडे येत नाही. (दोघेही आपापल्या नियमाने बरोबरच असतात!) शिवाय शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुस यंत्र (तेवढा वेळ या दोन्हींचे काम करणारे) वापरल्यावर रक्तातील हे प्रतिपिंड बरेच कमी होते आणि पुन्हा डोस द्यावा लागतो, याची नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

म्हणून विनंती एवढीच, की हे इंजेक्शन हृदयोपचाराचाच भाग मानून त्याचा खर्च शस्त्रक्रियेच्या तरतुदीत धरावा आणि बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर त्यासाठी तारखेचा रकाना सक्तीचा करावा.

आपली नम्र,
एक बालहृदयरोगतज्ज्ञ