ते बेसूर मोत्सार्टचेच!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या मैफलीचे परीक्षण कालच्या अंकात वाचले. मोत्सार्टच्या 'आइन म्युझिकालिशर श्पास'मध्ये (म्हणजे 'संगीतातली थट्टा'; मोत्सार्टच्या रचनांच्या सूचीत के. ५२२) 'मिन्युएटला दोन्ही हॉर्नवादक घसरले, रियाज कमी पडला' असा शेरा आपल्या समीक्षकांनी मारला आहे. अहो, घसरले नाहीत! मिन्युएट या नृत्याच्या चालीतल्या भागातले ते चुकीचे स्वर मोत्सार्टनेच लिहून ठेवले आहेत, आणि वर 'दोल्चे', म्हणजे गोड वाजवा, अशी सूचनाही.

ते वाजवणे सोपे नाही. १७८७ च्या हॉर्नला व्हॉल्व्ह, म्हणजे स्वर बदलायच्या कळा, नव्हत्या. एफ हॉर्नची सुमारे १२ फुटांची नळी. ओठांच्या ताणाने निघतील ते स्वर, आणि भोंग्यातल्या हाताने साधतील ते. कानाला टोचले की वादकाचा हात आपसूक आत सरकतो, स्वर किंचित हलतो आणि थट्टाच नाहीशी होते. उरतो फक्त कच्चा वादक. तो स्वर भरीव आणि साळसूद चेहऱ्याने लावावा लागतो. परवा तसाच लागला होता.

उलट अडाजिओ या संथ भागात पहिल्या व्हायोलिनचा कॅडेन्झा, म्हणजे एकट्याची करामत, वर चढत भलत्याच स्वरमालेत जाऊन अडकतो (सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी, सगळी अंतरे सारखी, पाय टेकायला जागा नाही), तिथे समीक्षकांना 'सुंदर फिरत' ऐकू आली. धन्य!

रचनेच्या शेवटी सगळे वेगवेगळ्या पट्ट्यांत: हॉर्न एफ मेजरमध्ये, पहिले व्हायोलिन जीमध्ये, दुसरे एमध्ये, व्हिओला ई फ्लॅटमध्ये आणि बास बी फ्लॅटमध्ये. प्रत्येकाने आपापली पट्टी घट्ट धरली तरच हसू येते. घाईने उरकले की नुसता गोंगाट. परीक्षणात याबद्दल अवाक्षर नाही. तोवर समीक्षक पार्किंगमध्ये पोहोचले असावेत.

'खेडवळ वादकांची नक्कल' हा मथळाही अर्धवटच. रचनेला चिकटलेले 'खेडवळ वादक' हे टोपणनाव मोत्सार्टने दिलेले नव्हे. टोमणा मुख्यतः कच्च्या रचनाकाराला आहे: समांतर पंचम (दोन सुरावटी पंचमाच्या अंतराने जोडीने चालवणे, जे तेव्हा चूक मानत) बिनदिक्कत वापरणारा, शेवटच्या भागात फ्यूगचा (एकच सुरावट वाद्यांनी एकामागून एक उचलण्याच्या रचनेचा) आव आणून दोन पावलांत दमणारा.

जाता जाता: हॉर्न म्हणून छापलेले छायाचित्र ट्रम्पेटचे आहे. हॉर्नची नळी गोल गुंडाळलेली असते आणि भोंगा वादकाच्या मागे वळतो. गेल्या महिन्यात व्हिओलाच्या फोटोखाली 'व्हायोलिन' छापले होते, तेव्हा मी गप्प बसलो होतो.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे