श्रेयनामावलीचे संगीत हाही चित्रपटाचाच भाग

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पणजीत दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि गोव्यातील लहानमोठे फिल्म क्लबही अधूनमधून जुने अभिजात चित्रपट दाखवतात. अशा प्रदर्शनाच्या पत्रकात चित्रपटाचे नाव, दिग्दर्शक, वर्ष आणि लांबी असते. पण दाखवली जाणारी प्रत कोणत्या आवृत्तीची आहे, हे बहुधा सांगितले जात नाही, मग तिच्या शेवटी कोणाचे संगीत वाजते हे कोण सांगणार? हा तपशील किरकोळ नाही, हे ‘एलियन’ या भयपटाच्या आधारे मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

रिडली स्कॉट दिग्दर्शित हा चित्रपट १९७९ साली प्रदर्शित झाला. संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनी सुरुवातीच्या नामावलीसाठी ट्रम्पेटवरची एक एकाकी, भावपूर्ण धून रचली होती. दिग्दर्शकाला ती रुचली नाही, म्हणून गोल्डस्मिथ यांनी दुसरे, अधिक गूढ संगीत लिहून दिले. अखेरच्या नामावलीसाठी त्यांनी तीच ट्रम्पेटची धून संपूर्ण वाद्यवृंदात फुलवली होती आणि तिचे ध्वनिमुद्रणही झाले होते. चित्रपटात मात्र ती ऐकू येत नाही. संकलन चालू असताना तात्पुरता म्हणून लावलेला, अमेरिकन संगीतकार हॉवर्ड हॅन्सन यांच्या १९३० सालच्या दुसऱ्या सिम्फनीतील (वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेतील) एक भाग तिथे कायमचा राहिला.

या बदलाने शेवटाचा अर्थच पालटतो. अवकाशयानातील एकटीच वाचलेली नायिका रिप्ली आपली अखेरची नोंद ध्वनिमुद्रित करते, मांजराला घेऊन दीर्घ निद्रेसाठी आडवी होते आणि हॅन्सन यांची व्हायोलिने प्रेक्षकाला थोपटून निजवू लागतात. संगीत सुंदर आहे यात वाद नाही, परंतु ते या चित्रपटातून उगवलेले नाही. गोल्डस्मिथ यांचा शेवट ऐकताना पहिल्या क्षणी अवकाशाच्या पोकळीत विचारलेला प्रश्न शेवटी उत्तर घेऊन परत येतो. सुरुवातीची धूनच बाजूला सारल्यावर हा शेवट पोरका झाला हे खरे, तरीही माझे मत गोल्डस्मिथ यांच्याच बाजूने पडते.

त्याच वर्षी निघालेल्या एलपी तबकडीवर मात्र गोल्डस्मिथ यांचाच शेवट होता. म्हणजे तबकडी घेणाऱ्याने एक शेवट ऐकला आणि चित्रपटगृहात बसलेल्याने दुसरा. पुढे १९९९ च्या डीव्हीडीवर त्यांचे संगीत स्वतंत्र ध्वनिपट्टीवर ऐकण्याची सोय झाली, तर २००३ च्या ‘डायरेक्टर्स कट’मध्ये, म्हणजे दिग्दर्शकाच्या नव्या संकलनात, हॅन्सन तसेच राहिले. स्कॉट यांच्याच ‘लेजंड’ या चित्रपटाबाबत तर युरोपात गोल्डस्मिथ आणि अमेरिकेत टँजरिन ड्रीम हा जर्मन वाद्यसमूह, असे सगळे पार्श्वसंगीतच वेगळे झाले. म्हणूनच पत्रकात नुसते चित्रपटाचे नाव छापल्याने प्रेक्षकाला पुरेशी माहिती मिळत नाही.

सध्याची प्रदर्शनाची रीतही या संगीताच्या मुळावर आली आहे. काही आठवड्यांपूर्वी फोंड्यातील एका प्रदर्शनात पहिले नाव पडद्यावर येताच दिवे लागले, दारे उघडली आणि खुर्च्यांच्या खडखडाटात शेवटचा स्वर बुडाला. घरी पाहावे तर ओटीटीवर नामावली आक्रसून कोपऱ्यात जाते आणि पुढच्या चित्रपटाची जाहिरात सुरू होते. ज्या गोव्याने माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे आणि सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संगीत संयोजक, म्हणजे चाल वाद्यवृंदासाठी बांधून देणारे कलावंत, मुंबईच्या चित्रसृष्टीला दिले, ज्या काळात अशा संयोजकांची आणि वादकांची नावे पडद्यावर एक तर येत नसत किंवा बारीक अक्षरांत येत, त्या गोव्यात तरी नामावलीची एवढी घाई नसावी.

माझी विनंती साधी आहे. महोत्सवाच्या आणि क्लबांच्या आयोजकांनी जुन्या चित्रपटाच्या पत्रकात आवृत्तीचे वर्ष द्यावे, आणि संगीतात फरक असल्यास एका ओळीत तसे नमूद करावे. चित्रपटगृहाच्या व्यवस्थापनाने शेवटचे नाव पडद्यावरून सरकेपर्यंत दिवे लावू नयेत. शक्य असेल तिथे ‘एलियन’च्या खेळानंतर गोल्डस्मिथ यांचा मूळ शेवटही तीन-चार मिनिटे वाजवून दाखवावा, म्हणजे दोहोंतला फरक रसिकांना स्वतःच्या कानांनी पारखता येईल.

आपला,
एक चित्रपटरसिक वाचक
फोंडा, गोवा