व्याख्यान १२ एमबीत मावते

महोदय,

‘आता प्रत्येकाकडे स्मार्टफोन आहे, मग अडचण कसली?’ ऑनलाइन तासांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. खरी अडचण फोन हातात आल्यानंतरच सुरू होते. सेकंदाला एक मेगाबिट एवढा साधा व्हिडिओ धरला, तरी ५० मिनिटांच्या तासाला सुमारे ३७५ एमबी जातात (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). असे चार तास झाले की दीड जीबीचा दिवसाचा पॅक संपला. मग बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला अवघ्या ६४ किलोबिटवर येतो. त्या वेगाने २० एमबीची असाइनमेंट चढवायला ४० मिनिटांहून जास्त लागतात. मध्येच पोर्टल लॉगआउट होते आणि सगळे पहिल्यापासून! मुळशी-भोरच्या खोऱ्यांत तर डोंगर आड येतो, पॅक शिल्लक असूनही तास तुटत राहतो.

हेच व्याख्यान ३२ केबीपीएस मोनो (एकाच चॅनेलच्या) ऑडिओत रेकॉर्ड केले तर १२ एमबीत मावते. सोबत स्लाइड्सची पीडीएफ आदल्या रात्री पाठवावी आणि बोलताना ‘आता स्लाइड सात’ असे स्पष्ट म्हणावे, नाहीतर ऐकणारा हरवतो. फळ्यावर गणित सोडवायचे असेल तिथे व्हिडिओ लागतोच, पण तेवढाच तुकडा द्यावा.

असाइनमेंट जड होते ती फोटोंमुळे. कॅमेऱ्याने काढलेले एक पान सहज ३-४ एमबीचे असते. स्कॅनर ॲपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडले की ते १०० केबीच्या आसपास येते, म्हणजे २० पाने २ एमबीत. पहिल्याच आठवड्यात दहा मिनिटे काढून हे दाखवायला हवे. कुणीच दाखवत नाही. आणि मुदत रात्री ११.५९ ची कशासाठी? त्या वेळी दिवसाचा डेटा संपलेला असतो, नवा मिळतो मध्यरात्रीनंतर. दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ची मुदत दिली तर कुणाचे काय बिघडणार आहे?

थेट लॉगिनवरून हजेरी लावणे तर बंदच करावे. रेंज गेली म्हणून मूल गैरहजर ठरते, हा सरळ अन्याय आहे. त्याऐवजी ४८ तासांत सोडवायचे पाच प्रश्न द्यावेत.

एक गोष्ट मात्र फोनवर होणारच नाही. पायथॉन या संगणकभाषेत प्रोग्राम लिहिताना अर्धा स्क्रीन कीबोर्डच खातो, एक्सेलचा तक्ता बोटाने सरकवत बसावे लागते. कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलांकडे लॅपटॉप नसेल तर महाविद्यालयाची लॅब हाच आधार, आणि ती संध्याकाळी पाचला कुलूपबंद. ती रात्री आठपर्यंत उघडी ठेवावी, अशी आमची पुण्यातील प्राचार्यांना कळकळीची विनंती आहे.

– संगणकशास्त्राचे काही अध्यापक, पुणे