श्रावणात दारू सोडणाऱ्यांचे पहिले चार दिवस

महोदय,

आषाढी अमावास्येला शेवटची बाटली आणि श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून थेंबही नाही, हा नेम आपल्याकडे नवा नाही. अधूनमधून घेणाऱ्याला त्यात धोका नाही. पण ज्याला रोज दोन-तीन क्वार्टर लागतात, सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचा हात थरथरायचा थांबत नाही, त्याने एका झटक्यात दारू बंद करणे जिवावर बेतू शकते.

दारू मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षे असे चालले की मेंदू गाबाला कमी दाद देऊ लागतो आणि ग्लुटामेटला जास्त. मग दारू अचानक थांबली की नुसती चेतना उरते, तिला आवर घालणारे काही नसते. शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत कापरे, घाम, मळमळ सुरू होते, झोप उडते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक. त्यानंतर, साधारण ९६ तासांपर्यंत, काहींना भ्रम होतो: अंगावर किडे-मुंग्या दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, नाडी धावते. हा डिलिरियम ट्रेमेन्स. घरचे ‘बाहेरचं झालंय’ म्हणून अंगारा लावत बसतात आणि मोलाचे तास जातात. ‘मागच्या श्रावणात काही झालं नव्हतं’ या भरवशावरही राहू नये. सोडणे-धरणे जितक्या वेळा होते, तितका पुढचा त्रास वाढण्याची शक्यता असते.

पाय मोडला म्हणून दाखल झालेला रुग्ण तिसऱ्या दिवशी सलाईन उपटून पळू लागतो, तेव्हाही अनेकदा कारण हेच असते. नातेवाईकांनी लाजेपोटी पिण्याची सवय लपवलेली असते. काय पितो, किती पितो आणि शेवटची कधी घेतली, या तीन गोष्टी डॉक्टरांना दाखल करतानाच सांगाव्यात.

दुसरी चूक ‘अशक्तपणा आहे, ग्लुकोज लावा’ ही. ग्लुकोज वापरायला मेंदूला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व लागते आणि जुन्या मद्यपीच्या शरीरात ते आधीच कमी असते. नुसते ग्लुकोज गेले तर उरलेसुरलेही संपते. डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल लडखडते, स्मृती कायमची जाऊ शकते. म्हणून थायमिनचे इंजेक्शन आधी किंवा ग्लुकोजसोबतच द्यायला हवे. कापरे आणि फिट रोखायला क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देऊन साधारण आठवडाभरात कमी करत आणतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. हे काम डॉक्टरांचे, मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणण्याचे नव्हे.

चहात किंवा भाजीत चोरून डायसल्फिराम ही दारू सोडवण्याची गोळी मिसळणे तर सरळ घातक. रुग्णाला पत्ता नसताना तो दारू प्यायला की उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो.

आरोग्य खात्याला विनंती, की श्रावणाआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिनची इंजेक्शने आणि डायझेपाम पुरेसे आहे ना, हे तपासावे. आणि आपण श्रावणाच्या पुरवणीत उपवासाच्या पाककृतींशेजारी दोन मोफत क्रमांक छापावेत: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६. फिट आली किंवा भ्रम सुरू झाला तर मात्र थेट १०८.

— व्यसनमुक्ती समुपदेशक, सातारा