बाबा, इथलं सरकार बंद पडतं तेव्हा काय बंद पडतं

रॉकविल, मेरीलँड
२३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. ऑफिसचं, ईराच्या शाळेचं फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. पण बाबांचा एक प्रश्न दर वेळी अर्धाच राहतो: "अरे, अख्ख्या देशाचं सरकार बंद म्हणजे काय?" आणि आईने तर बातम्या बघून धसकाच घेतला होता. म्हणून निवांत लिहितोय. बाबा, तुमची उभी नोकरी झेडपीच्या अर्थ विभागात गेली, तुम्हाला हे इतरांपेक्षा लवकर उमगेल.

आधी काळजीचं उत्तर. बंद १२ नोव्हेंबरच्या रात्री संपला. ४३ दिवस चालला, आजवरचा सगळ्यात लांब. त्याआधीचा लांब २०१८-१९ चा, ३५ दिवसांचा. आमचा पगार थांबला नाही, कारण माझी कंपनी खासगी आहे. ईराची शाळा एक दिवसही बंद नव्हती. इथे शाळा, पोलीस, अग्निशमन, ड्रायव्हिंग लायसन्स हे सगळं राज्य आणि काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, बघतात. त्यांचा खजिना वेगळा, त्यांचं आर्थिक वर्षही वेगळं. मेरीलँडचं १ जुलैला सुरू होतं. बंद पडतं ते फक्त केंद्राचं.

केंद्राचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. राष्ट्राध्यक्ष त्याआधी फेब्रुवारीत अंदाजपत्रक पाठवतात, पण तो नुसता प्रस्ताव. पैसा मंजूर करते काँग्रेस, म्हणजे इथली संसद, आणि तेही बारा वेगवेगळ्या विनियोजन विधेयकांनी. शेतीचं एक, संरक्षणाचं एक, वाहतूक आणि घरबांधणीचं मिळून एक, अशी खात्यांची विभागणी. प्रत्येक विधेयक ४३५ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात आणि १०० सदस्यांच्या सेनेटमध्ये अक्षरन् अक्षर सारखं मंजूर व्हायला हवं, मग राष्ट्राध्यक्षांची सही. हे सगळं ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीच्या आत. आजची ही पद्धत १९७४ च्या कायद्याने बसवली. तेव्हापासून सगळी विधेयकं वेळेत झाली अशी वर्षं फक्त चार. बाकी वर्षी तात्पुरता ठराव करतात: अमुक तारखेपर्यंत गेल्या वर्षीच्या दराने खर्च चालू ठेवा. आपल्या लेखानुदानाच्या जवळचा प्रकार. तो ठरावही अडला की कचेऱ्यांना कुलूप.

आता तुम्ही विचाराल, अडतो कसा? बहुमत असेल तो करेल की मंजूर. इथेच आपल्यात आणि त्यांच्यात फरक आहे. आपल्याकडे लोकसभेने पैसा नाकारला तर सरकारच पडतं, आणि राज्यसभा धनविधेयक १४ दिवसांपलीकडे रोखू शकत नाही. त्यामुळे कोंडी झाली तरी फुटायचा मार्ग ठरलेला आहे. इथे राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडलेला, अविश्वास ठराव हा प्रकारच नाही. दोन्ही सभागृहं पैशाच्या बाबतीत जवळपास सारख्याच ताकदीची. शिवाय सेनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच ६० मतं लागतात. हे राज्यघटनेत नाही, सेनेटने स्वतःसाठी केलेल्या नियमात आहे. रिपब्लिकन पक्षाकडे ५३ जागा, म्हणजे सत्ताधारी असूनही सात कमी. डेमोक्रॅट म्हणत होते, आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची वाढीव सवलत डिसेंबरअखेर संपतेय, ती आधी वाढवा. समोरचे म्हणत होते, आधी कचेऱ्या उघडा, मग बोलू. प्रतिनिधिगृहाने १९ सप्टेंबरलाच ठराव मंजूर केला होता. सेनेटमध्ये तोच पुन्हा पुन्हा मतदानाला येऊन ६० च्या अलीकडे अडत राहिला. शेवटी विरोधी बाजूचे आठ जण फुटले आणि ६० विरुद्ध ४० ने तो सुटला. सवलतीवर डिसेंबरमध्ये मतदान घेऊ, एवढं आश्वासन मिळालं, सवलत नाही.

गंमत नाही, पण नवल वाटावं अशी गोष्ट म्हणजे राज्यघटना लिहिणाऱ्यांनी असा बंद योजलेलाच नव्हता. १७८७ च्या घटनेत एक वाक्य आहे: कायद्याने मंजूर झाल्याशिवाय खजिन्यातून पैसा काढायचा नाही. राजाच्या हाती थैली नको, हा हेतू. पुढे १८७० च्या कायद्याने खात्यांना मंजुरीपलीकडचा खर्च करायला आणि १८८४ च्या कायद्याने फुकट सेवा घ्यायलाही मनाई केली. तरीही जवळजवळ शंभर वर्षं मंजुरी लांबली तर कचेऱ्या हात आखडून चालूच राहायच्या. पैसा येणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. मग १९८० मध्ये अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी लेखी मत दिलं की कायद्याचा अर्थ सरळ आहे, मंजुरी नाही तर काम थांबवा. जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणाचा अपवाद त्यांनी १९८१ च्या दुसऱ्या मतात स्पष्ट केला. आजचे सगळे बंद या मतांतून आले. माझ्या मते दुरुस्ती अवघड नाही: ठराव झाला नाही तर जुन्या दराने आपोआप खर्च चालू राहील, एवढाच कायदा हवा. पण मग अडवून धरायचं हत्यार दोन्ही पक्षांच्या हातून जाईल, म्हणून तो होत नाही.

बंदच्या पहिल्या सकाळी कर्मचारी काही तास येतात, कागद आवरतात, ईमेलवर सूचना लावतात आणि घरी जातात. त्यानंतर ऑफिसचा मेल बघणंसुद्धा मना. घरी बसवलेल्याने आपणहून काम केलं तरी कायदा मोडतो, आणि मुद्दाम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्यांचं काम जीवरक्षणाचं, ते येतात, पण बिनपगारी: विमानतळावरची तपासणी, हवाई वाहतूक नियंत्रक. निवृत्तिवेतन आणि वृद्धांचा आरोग्य विमा थांबत नाही, कारण त्यांची मंजुरी कायमच्या कायद्यात आहे, दरवर्षी घ्यावी लागत नाही. टपाल स्वतःच्या कमाईवर चालतं. आणि काँग्रेसच्या सदस्यांचा पगारही चालू राहतो, वर्षाला १,७४,००० डॉलर. तो या बारा विधेयकांवर अवलंबून नाही. मला हे पटत नाही.

कारण झळ लागते ती खालच्यांना. २०१९ च्या कायद्याने कायम कर्मचाऱ्यांना थकलेला पगार नंतर मिळतो. पण त्याच इमारतीत कंत्राटावर झाडू मारणाऱ्यांना, कॅन्टीन चालवणाऱ्यांना त्या दिवसांचं काहीच मिळत नाही. आमच्या या भागात केंद्राचे नोकरदार खूप, त्यामुळे अन्नवाटपाच्या रांगा इथेही लागल्या. आणि सुमारे ४ कोटी २० लाख लोकांना दरमहा मिळणारी धान्य-किराण्याची मदत नोव्हेंबरमध्ये अडकली, कोर्टकचेऱ्या झाल्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत सरकारने गरिबाच्या ताटाची ही ओढाताण होऊ द्यायला नको होती.

आता आईचा प्रश्न: "तुझ्या व्हिसाचं काय?" आई, व्हिसा आणि इमिग्रेशनची कचेरी अर्जदारांच्या फीवर चालते, ती चालूच होती. मुंबईची वकिलातही. थांबलं होतं ते कामगार खातं, जिथे एच-१बी, म्हणजे माझ्या नोकरीच्या व्हिसाच्या, आधीचा कंपनीचा एलसीए अर्ज कामाच्या सात दिवसांत मंजूर होतो. बंद संपायच्या आधीच ते सुरू झालं. मुदत संपायच्या सहा महिने आधी वाढीचा अर्ज करता येतो, आणि वेळेत केला तर निकाल येईपर्यंत २४० दिवस काम करता येतं. माझी इथे राहून काम करायची मुदत संपायला अजून वेळ आहे. एक लाख डॉलरच्या फीची बातमी तू तीनदा पाठवलीस. ती देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जाला आहे. मुदतवाढीला नाही, आणि आधीपासून व्हिसा असलेल्यांनाही नाही. शिवाय तो काँग्रेसचा कायदा नव्हे, राष्ट्राध्यक्षांची घोषणा आहे, बारा महिन्यांची मुदत असलेली, आणि तिच्यावर दावे चालू आहेत.

आता गौरीच्या लग्नाचं. कार्यालयाचा बाकीचा ॲडव्हान्स या आठवड्यात तुमच्या खात्यावर येईल. शेजारच्या जोशीकाकांनी सांगितलेला कर खरा आहे, पण आपल्याला लागत नाही. १ जानेवारीपासून परदेशी पैसे पाठवण्यावर १ टक्का कर आहे, तो रोख, मनीऑर्डर किंवा तसलं काही दिलं तरच. बँक खात्यातून पाठवले की माफ. हाच कर प्रतिनिधिगृहात आधी ५ टक्के होता, मग साडेतीन, सेनेटने एकावर आणला. त्या विधेयकाला साठ मतं लागली नाहीत, कारण अंदाजपत्रकाच्या खास वाटेने नेलं की चर्चेला वीस तासांची मर्यादा असते. ५० विरुद्ध ५० झाली आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने ते सुटलं. तेव्हा बाबा, एफडी मोडू नका. दागिन्यांचं मी बघतो म्हटलंय, ते बघतो.

तिकीट २७ जानेवारीचं काढलंय. मुद्दामच. आताचा ठराव ३० जानेवारीपर्यंतच आहे. बारापैकी तीनच विधेयकं वर्षभराची झालीत, नऊ बाकी. पुन्हा अडलं तर बिनपगारी नियंत्रक रजा टाकतात आणि उड्डाणं रद्द होतात. या महिन्यात ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली होती. साखरपुड्याला आलो नाही, देवकाला तरी हजर असेन.

स्नेहा आणि ईरा येणार नाहीत. फोनवर हे सांगायला जमत नव्हतं. आमच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. इथे राहायला तो लागत नाही, पण परत यायला तिघांनाही मुंबईत मुलाखत द्यावी लागेल, आणि सप्टेंबरपासून मुलाखतीची सूट लहान मुलांनाही उरली नाही. तारखा पुढे गेल्या तर ईराची शाळा आणि स्नेहाची नोकरी दोन्ही अडकतील. गौरीला मीच सांगेन, तुम्ही आधी बोलू नका. करवली म्हणून ईराचं नाव पत्रिकेत छापलं असेल तर राहू दे. तिचं परकरपोलकं आईने शिवायला टाकलंय ना? ते मी येताना घेऊन येईन. माप थोडं मोठं ठेवायला सांगा, ती उंच झालीय.

कळावे.
तुमचा,
अमोल