आईची चक्कर, आईचे कान: ऑडिओलॉजिस्ट मॅडमना आभाराचे पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईच्या तपासणीची फी भरून झाली, पावतीही मिळाली, पण आभार मानायचे राहिले. ते उघड पत्रातून मानतो आहे, कारण ऑडिओलॉजिस्ट हे श्रवणाचे आणि तोलाचे दोष तपासणारे तज्ज्ञ असले, तरी ते म्हणजे कानाचे मशीन विकणारी व्यक्ती, एवढीच आपल्याकडे बहुतेकांची समजूत असते.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कानातला मळ काढून आईला आपल्याकडे पाठवले, ते ऐकू कमी येते म्हणून. चक्करेचा विषय तिने काढलाही नसता; ती मानेची चक्कर आहे असे तिला फार पूर्वी कोणीतरी सांगितले होते आणि मानेचा पट्टा व गोळ्या तिच्या अंगवळणी पडल्या होत्या. आपण मात्र चक्कर नेमकी केव्हा येते, किती वेळ टिकते, हे खोदून खोदून विचारलेत. "उजव्या कुशीवर वळले की घर गरगर फिरते, मग मिनिटाच्या आत थांबते," या तिच्या उत्तरावरच आपल्याला बराच अंदाज आला असावा.

मग आपण तिचे डोके उजवीकडे 45 अंशांत वळवून तिला झटकन मागे निजवलेत, डोके खाटेच्या कडेबाहेर किंचित लोंबते ठेवलेत आणि डोळे मिटू नका म्हणून बजावलेत. काही सेकंद काहीच झाले नाही, आणि मग तिची बुबुळे गोल फिरत थरथरू लागली, ती मलाही शेजारून स्पष्ट दिसली. अंतर्कर्णातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की डोके हलताच तिथला द्रव ढवळला जातो आणि मेंदूला नसलेली गिरकी जाणवते, असे आपण समजावलेत. डॉ. जॉन एपली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने डोके डावीकडे, मग अंगासकट कुशीवर, मग उठून बसते, असे टप्प्याटप्प्याने वळवून आणि प्रत्येक टप्प्यावर थोडे थांबून आपण ते कण परत मूळ जागी नेलेत. या साऱ्यात औषधाची एक गोळीही लागली नाही.

श्रवणाची तपासणी त्याहून शांतपणे झाली. बंद खोलीत, 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे सूर, अगदी बारीक ऐकू आला तरी बटण दाबायचे. नंतर कानामागच्या हाडावर कंपक ठेवून पुन्हा तेच. हाडातूनही तितकेच कमी ऐकू येते, म्हणजे दोष पडद्यात किंवा मध्यकर्णात नसून आतल्या भागात आहे, आणि दोन्ही कान सारखेच उतरले आहेत म्हणून काळजीचे कारण कमी, हे आपण आलेखावर बोट ठेवून दाखवलेत. आलेख 2000 हर्ट्झनंतर, म्हणजे उंच सुरांकडे, घसरत गेला होता. बाबांचा खर्जातला आवाज तिला नीट ऐकू येई आणि नातीचे बोलणे मात्र कळत नसे, याचा उलगडा तिथे झाला: स्वर पोहोचत होते, स, श, फ यांसारखी व्यंजने निसटत होती. 'हिला हवे तेवढेच ऐकू येते' हा घरातला जुना टोमणा त्या दिवसापासून बंद झाला, आणि माझ्या मते आपले सर्वांत मोठे उपकार हेच.

श्रवणयंत्रही आपण दुकानदारासारखे हातात ठेवले नाहीत. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ आवाज किती पोहोचतो हे मोजलेत आणि त्यानुसार यंत्र जुळवलेत. घरी भांड्यांचा खणखणाट आणि फोडणीची तडतड सहन होईना, तेव्हा पहिल्या दिवसांत थोडाच वेळ लावा, हळूहळू वाढवा, असे सांगून आपण तीव्र आवाजांची मर्यादा खाली आणलीत. आई आता ते सकाळी चष्म्याबरोबरच लावते, फक्त बॅटरी बदलताना माझ्यावर चिडते.

शेजारच्या काकूही मानेचा पट्टा लावून फिरतात. त्यांना आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून मग आपल्याकडे येण्यास सांगितले आहे. कृपया त्यांनाही तेवढाच वेळ द्यावा.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा मुलगा