डाउनहिल सायकल : श्रेय एकट्या हाय पिव्हटचे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोंगरउतारावरून शर्यतीत वेगाने उतरणाऱ्या डाउनहिल माउंटन बाइकच्या सस्पेन्शनवर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या यंत्रणेवर, आपल्या क्रीडा पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख वाचला. मागच्या चाकाला धक्का बसताच मागे सरकू देणारी ‘हाय पिव्हट’ रचना हेच या खेळाचे भवितव्य असून बाकीच्या रचना आता कालबाह्य झाल्या आहेत, असा त्याचा एकंदर सूर आहे. रचनेचे गुण लेखकाने नेमके सांगितले आहेत. पण त्या गुणांसाठी काय मोजावे लागते आणि वेगाचे श्रेय नक्की कोणाला द्यायचे, या दोन्ही गोष्टी लेखात राहून गेल्या आहेत.

वेगाने उतरताना चाक दगडाच्या उभ्या कडेवर आदळते, तेव्हा ते केवळ वर नव्हे, तर मागेही ढकलले जाते. मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा, म्हणजे स्विंगआर्मचा, पिव्हट (तो ज्या खिळीवर फिरतो ती) फ्रेमवर उंच बसवला की चाक वर जाताना दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकू शकते आणि सायकलीची गती तितकी मोडत नाही. मात्र चाक मागे गेले की क्रँक (पेडलचा दांडा व पुढचे दातेरी चक्र) आणि कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रे) यांतील अंतर वाढते, चेन ताणली जाते आणि पेडल उलटे खेचले जाते. ते टाळण्यासाठी पिव्हटजवळ आयडलर पुली (चेनला फक्त वाट देणारे छोटे चक्र) बसवून चेन तिच्यावरून न्यावी लागते. ही पुली घर्षण वाढवते, चिखलात करकरते आणि झिजते. शिवाय उंच पिव्हटच्या साध्या रचनेत मागचा ब्रेक दाबताच सस्पेन्शन आत ओढले जाते आणि नेमक्या खडबडीत भागात कडक होते. त्यावर उपाय म्हणून आणखी दांडे आणि आणखी बेअरिंग येतात. यांपैकी कशाचाही लेखात उल्लेख नाही. ही कल्पना नवी आहे असे मानणेही बरोबर नाही, कारण कॅनडातील बाल्फा कंपनीची उंच पिव्हट आणि आयडलर असलेली ‘बीबी७’ या शतकाच्या आरंभीच बाजारात होती.

चेनचा ताण सस्पेन्शनला किती अडवतो, याचा पुरावा म्हणून चाहते २०१५ सालच्या लिओगांग येथील विश्वचषक शर्यतीकडे नेहमी बोट दाखवतात. तिथे सुरुवातीलाच चेन तुटूनही अमेरिकेचा एरन ग्विन जिंकला. पराक्रम विलक्षण होता, यात शंका नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. चाक जोरात फिरत असते तेव्हा फ्रीहब (पेडल न मारताही चाक फिरू देणारा मागच्या चाकाचा भाग) पेडलला मोकळे ठेवतो आणि चेन ज्या वेगाने ताणली जाते त्याहून कॅसेटच वेगाने पुढे फिरत असते, त्यामुळे वेगवान उतारावर पेडलला झटका फारसा बसत नाही. तो जाणवतो प्रामुख्याने चाक मंद फिरत असताना किंवा ब्रेकने ते जवळजवळ अडकलेले असताना. म्हणजे हा दोष मार्गाच्या स्वरूपानुसार आणि चालकाच्या ब्रेक वापरण्याच्या सवयीनुसार कमी-जास्त होतो. केवळ फ्रेमच्या रचनेवरून काढलेला चेनच्या ताणाचा आलेख पाहून तो ठरवता येत नाही.

हाय पिव्हटच्या बाजूने सर्वांत भक्कम दाखला फ्रान्सच्या अमोरी पिएरॉनचा आहे. त्याने २०१८ साली कॉमेन्साल कंपनीच्या हाय पिव्हट सायकलीवर विश्वचषक मालिका जिंकली. परंतु २०२१ साली व्हाल दि सोलेच्या अत्यंत खडकाळ मार्गावर दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारने जागतिक विजेतेपद मिळवले, ते आयडलर नसलेल्या, दोन छोट्या दुव्यांवर चालणाऱ्या सांताक्रूझ व्ही१० या सायकलीवर. लेखकाचा सिद्धांत खरा असता, तर अशा मार्गावर ही सायकल मागे पडायला हवी होती.

दरम्यान चाकांचा आकारही बदलला, हे लेखक विसरले. मिनारनेच २०१७ साली फोर्ट विल्यम येथे २९ इंची चाकांवर विजय मिळवला, आणि २०१९ साली यूसीआयने (सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) पुढे मोठे व मागे लहान चाक लावण्यास परवानगी दिल्यावर त्याच वर्षी लुईक ब्रुनी तशा सायकलीवर जगज्जेता झाला. मोठे चाक दगडाच्या कडेला कमी उभ्या कोनात भिडते; म्हणजे ज्या अडचणीवर हाय पिव्हट उपाय सांगतो, तिचा काही भाग चाकानेच आधी सोडवलेला असतो. टायरचा दाब, डॅम्परची (सस्पेन्शनची हालचाल आवरणाऱ्या भागाची) जुळवणी आणि फ्रेमचा बाजूला वाकण्याचा लवचीकपणा हेही त्याच हिशेबात येतात. या सगळ्यातून पिव्हटचा वाटा वेगळा काढल्याखेरीज त्याला विजयाचे श्रेय देणे योग्य नव्हे.

आणखी एक बाब. होंडाने २००४ ते २००७ या काळात गिअर यंत्रणा फ्रेममधल्या पेटीत बंद केलेली ‘आरएन०१’ ही सायकल शर्यतीत उतरवली, तिच्यावर मिनारने २००५ ची विश्वचषक मालिका जिंकली. पण ती कधीच विक्रीस आली नाही. त्यामुळे तिचा सांभाळ सामान्य चालकाला कितपत जमला असता, हे कोणालाच कळले नाही. हाय पिव्हटच्या सायकली मात्र आज दुकानांत आहेत. तेव्हा या विषयावर पुन्हा लेख छापताना एकाच चालकाने, एकाच मार्गावर, टायर आणि हवेचा दाब न बदलता दोन्ही रचनांवर नोंदवलेल्या वेळा, आणि एका हंगामानंतर आयडलर व बेअरिंग बदलण्याचा खर्च, असे दोन्ही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक